गड्ड्याच्या आधीची गोळी

जानेवारी उजाडला की आमच्या गल्लीतल्या मेडिकलच्या काउंटरवर एक संभाषण हमखास कानावर पडतं. बाई नाव सांगत नाही, दुकानदार विचारत नाही. "ती पुढं ढकलायची द्या," एवढंच. तो स्ट्रिप कागदात गुंडाळून देतो, ती पर्समध्ये टाकते. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा. घरात पाहुणे, नैवेद्य, नंदीध्वजांचं दर्शन. त्यात ‘अडचण’, म्हणजे पाळी, नको. नवरात्रात तुळजापूरला जाताना हेच, आषाढीला पंढरपूरला जाताना हेच.

यंदा शेजारच्या वैनींनी मला ओट्यावर गाठलं. "मॅडम, तुम्ही बायोलॉजी शिकवलं म्हणून विचारते. ही गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी बरोबर येती. तिला कसं कळतं?"

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मी हाच धडा शिकवला, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. विचारणार तरी कसं? मी स्वतः शाळेत होते तेव्हा बाईंनी या धड्याची पानं बोटाने मुडपून "हे घरी वाचून घ्या" असं सांगितलं होतं, आणि घरी ते पान उघडायची माझी छाती झाली नव्हती. वैनींना मी त्या संध्याकाळी जे सांगितलं, आणि नंतर त्यांच्या अकरावीतल्या मुलीने वही घेऊन बसून जे पुन्हा विचारून घेतलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात पिशवीपासून करू, कारण आपल्याकडे सगळं बोलणं पिशवीपासूनच सुरू होतं. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो खरं, पण पिशवीसारखं ते लुळं नसतं. पोटात मूल नसताना ते जेमतेम एका लहानशा पेरूएवढं असतं: सात-साडेसात सेंटिमीटर लांब, वजन साधारण 60 ग्रॅम, जवळपास सगळं जाड स्नायूचं. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, मधे हे. नऊ महिने भरता भरता हाच पेरू एक किलोच्या आसपास जातो. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात, प्रत्येकी 10 ते 12 सेंटिमीटर. त्यांना बीजवाहिनी म्हणतात. नळीच्या टोकाला झालर असते आणि त्या झालरीजवळ बदामाच्या आकाराचं अंडाशय. गंमत अशी की नळी अंडाशयाला जोडलेली नसते. अंडं अंडाशयातून बाहेर पडतं आणि झालर त्याला पदरात घेतल्यासारखं आत ओढून घेते. हे अंडं एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसेल इतकं. तरी सस्तन प्राण्याचं अंडं माणसाने पहिल्यांदा पाहिलं ते 1827 साली. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना ते कुत्रीच्या अंडाशयात दिसलं. तोवर हजारो वर्षं जगभर पुरुषाला ‘बी’ आणि बाईला ‘शेत’ म्हणण्यात गेली होती.

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं. पाळी म्हणजे हे अस्तर पडणं. दर महिन्याला ते नव्याने विणलं जातं आणि गर्भ राहिला नाही की उसवलं जातं. विणायचं काम इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक करतं. विणून झाल्यावर त्याला मऊ, रसदार, गर्भ रुजण्याजोगं करायचं काम प्रोजेस्टेरॉन करतं. संप्रेरक म्हणजे आपण ज्याला हार्मोन म्हणतो ते: एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसऱ्या ठिकाणी पोचणारा निरोप.

आता वैनींचं उत्तर. प्रोजेस्टेरॉन असेपर्यंत अस्तर टिकतं. ते रक्तातून उतरलं की अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक, स्प्रिंगसारख्या पिळाच्या धमन्या आवळल्या जातात, वरचा थर उपाशी पडतो, सुटतो, आणि पाळी येते. पुढं ढकलायच्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनची नक्कल करतं. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी ती सुरू करतात, आणि ती चालू आहे तोवर अस्तराला वाटतं की निरोप अजून येतो आहे. गोळी थांबली, निरोप थांबला, आणि दोन-तीन दिवसांत अस्तर पडलं. पाळीला काही ‘कळत’ नाही. कळतं ते अस्तराला, आणि तेही एकच: कालपर्यंत येणारं काहीतरी आज आलं नाही.

हे धमन्या आवळणं कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का, असं मुलीने विचारलं. पाहिलंय. 1940 साली मार्की नावाच्या शास्त्रज्ञाने ऱ्हीसस माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तिच्याच डोळ्याच्या पारदर्शक पडद्याआड लावला. तो तिथे रुजला आणि माकडिणीची पाळी आली की डोळ्यातल्या त्या तुकड्यालाही पाळी येऊ लागली. काचेच्या खिडकीतून पाहावं तसं मार्कीने पाहिलं: आधी धमन्यांचे पीळ घट्ट होतात, तुकडा फिका पडतो, मग रक्त येतं. डोळ्यात गर्भाशय नव्हतं, विटाळ नव्हता. फक्त अस्तर होतं आणि रक्तातून येणारा निरोप होता.

म्हणून सांगते, हे रक्त घाण नसतं. अंगातली उष्णता किंवा विष बाहेर टाकायची ती वाट नव्हे. साधं रक्त, अस्तराचे कण आणि स्राव, एका पाळीत मिळून साधारण 30 ते 40 मिलिलिटर, पाव वाटी. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त धरतात आणि डॉक्टरांना दाखवावं. अस्तर पडताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला पिळतात, तीच ती कंबरेपासून मांड्यांपर्यंत जाणारी कळ. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या, मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन, हे रसायन तयार होणंच रोखतात. त्यामुळे कळ सुरू होता होता घेतलेली गोळी लागू पडते आणि लोळण घेतल्यावर घेतलेली फारशी पडत नाही. ॲसिडिटीचा, दम्याचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र याही आधी विचारूनच घ्याव्यात.

देवाच्या दारी जाण्यासाठी पाळी थांबवावी का, हे प्रत्येकीने आपलं ठरवावं. अंगात वारं भरल्यासारखी जी बाई वारीला निघते, तिची श्रद्धा मी मोजणार नाही. माझं मत एवढंच की थांबवण्याजोगं काही अशुद्ध तिथे नसतं. आणि गोळी घ्यायचीच असेल तर दुकानदाराला नको, डॉक्टरला विचारून घ्या. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, कारण न कळता रक्तस्राव होत असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ही गोळी नको. अशी चार दिवस घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नका. आणि ती बंद करूनही पाळी आली नाही तर आधी लघवीची तपासणी करा.

आता गोळी न घेणाऱ्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन येतं कुठून, ते बघू. ते अंडाशयातून येतं. अंडं ज्या बारीक पाणीदार पिशवीत वाढतं तिला पुटिका म्हणतात. अंडं बाहेर पडलं की मागे उरलेली फुटकी पुटिका टाकून दिली जात नाही. ती पिवळी पडते, तिला पीतपिंड म्हणतात, आणि तो पीतपिंड पुढचे साधारण 14 दिवस प्रोजेस्टेरॉन बनवतो. त्याचं आयुष्य जवळजवळ ठरलेलं. 14 दिवसांनी तो मावळतो, निरोप थांबतो, पाळी येते. मात्र गर्भ राहिला तर तो गर्भ एचसीजी नावाचा स्वतःचा निरोप पाठवून पीतपिंडाला जिवंत ठेवतो. लघवीच्या पट्टीवर उमटणारी दुसरी रेघ याच एचसीजीची. काही आठवड्यांनी वार तयार होते आणि प्रोजेस्टेरॉनचं काम ती हातात घेते.

यातून एक गोष्ट निघते जी बायकांना फार क्वचित सांगितली जाते. अंडं सुटतं ते ‘पाळीच्या चौदाव्या दिवशी’ नव्हे, तर पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. ज्यांची पाळी दर 28 दिवसांनी येते, त्यांच्यासाठी दोन्ही सारखंच. पण 35 दिवसांची पाळी असलेल्या बाईचं अंडं एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. परीक्षा, ताप, घरातलं मरण, यांनी पाळी लांबते ती बहुधा अंडं सुटायला उशीर झाल्याने. अंडं सुटल्यावर घड्याळ जवळपास ठरलेल्या वेगाने चालतं. अंडं स्वतः 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. ‘सेफ दिवस’ मोजणाऱ्यांचं गणित चुकतं ते इथे.

अंडाशयात अंडी रोज बनत नाहीत. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत 60 ते 70 लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम 400 ते 500. बाकीच्या शांतपणे विरून जातात.

दर महिन्याला काही पुटिका एकदम वाढायला लागतात, पण अंडं सुटतं बहुधा एकीतूनच. का, हे सोलापूरकरांना समजवायला मला फार शब्द लागत नाहीत. आपल्याकडे उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. प्रेशर असेल तर सगळ्यांच्या नळाला पाणी, प्रेशर कमी झालं की ज्याचा हौद खाली आहे आणि ज्याची पाइप मोठी आहे त्यालाच. मेंदूकडून एफएसएच नावाचं संप्रेरक येतं, त्यावर या पुटिका पोसल्या जातात. पुटिका वाढल्या की त्या इस्ट्रोजेन आणि इनहिबिन नावाचं आणखी एक संप्रेरक सोडतात. ते मेंदूला कळवतात, ‘पुरे, कमी करा’. मेंदू एफएसएच कमी करतो. आता प्रेशर उतरलं. ज्या पुटिकेने आधीच एफएसएच पकडणारे हात जास्त तयार केलेत आणि जास्त रक्त ओढून घेतलंय, ती एकटी तगते. बाकीच्या सुकतात. म्हणून माणसाला बहुतेक वेळा एका वेळी एकच मूल होतं.

‘पुरे, कमी करा’ हा निरोप म्हणजे गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि कॉक बंद होतो, पाणी उतरलं की गोळा खाली जातो आणि कॉक उघडतो. कुणी उठून जाऊन बघावं लागत नाही. प्रजननसंस्थेचं बहुतेक कामकाज, बाईचं आणि पुरुषाचंही, या बॉलकॉकवर चालतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं.

कॉक कुठे आहे? मेंदूच्या तळाशी. नाकाच्या मुळाच्या सरळ मागे, कवटीच्या हाडातल्या एका खळग्यात वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी टांगलेली असते. वजन अर्धा ग्रॅम. एफएसएच आणि त्याची जोडीदारीण एलएच इथूनच सुटतात. पण ही ग्रंथीसुद्धा हुकमाची ताबेदार आहे. तिच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग, आणि तिथून येणारं जीएनआरएच हे संप्रेरक. हा फक्त दहा अमिनो आम्लांचा इवलासा रेणू. ते रक्तात काही मिनिटांतच विरघळून जातं, म्हणून निसर्गाने या दोघांमध्ये थेट बारीक रक्तवाहिन्यांची खास वाट ठेवली आहे. जीएनआरएच शोधायला अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूतले तुकडे गोळा केले होते. 1971 मध्ये त्याची रचना कळली, आणि 1977 च्या नोबेल पारितोषिकात शॅली आणि रॉजर गिलमँ या एकमेकांच्या कट्टर स्पर्धकांना एकत्र उभं राहावं लागलं.

जीएनआरएचबद्दल मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. ते सतत वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतं. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्या भागात तास-दीड तासाला एक ठोका, अंडं सुटल्यावर तीन-चार तासांना एक. अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने 1978 साली दाखवलं की ज्या माकडिणींच्या मेंदूतला हा भाग निकामी केला होता त्यांना तासाला एक ठोका या हिशोबाने जीएनआरएच दिलं की एफएसएच आणि एलएच पुन्हा सुरू होतात. पण तेच औषध संथ धारेने सतत दिलं, तर दोन्ही बंद पडतात. औषध तेच, फरक फक्त तालाचा.

माझं माहेर यंत्रमागांच्या वस्तीतलं. पाहुणे यायचे ते रात्रभर जागे राहायचे, आम्हाला त्या खटखटीत गाढ झोप लागायची, आणि लाइट जाऊन माग थांबले की घरातली सगळी दचकून उठायची. न थांबणारा आवाज कानाला ऐकू येईनासा होतो. पियुषिकेचंही तसंच आहे. जीएनआरएच सतत आदळत राहिलं की ती त्याला पकडणारे हात आत ओढून घेते आणि बहिरी होते. डॉक्टर याचाच उपयोग करतात. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कर्करोगात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजारात, किंवा सहा-सात वर्षांच्या पोरीला अवेळी पाळी येण्याची लक्षणं दिसली तर, दीर्घकाळ टिकणारं जीएनआरएचसारखं इंजेक्शन देतात आणि पुढची सगळी साखळी झोपी घालतात. बंद करायला जोराचा निरोप पाठवायचा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण मागाजवळ राहिलेल्याला वाटणार नाही.

एका ठिकाणी मात्र बॉलकॉकचा नियम मोडतो, आणि तिथेच अंडं सुटतं. टिकलेली पुटिका इस्ट्रोजेन वाढवत जाते. एरवी इस्ट्रोजेन मेंदूला ‘कमी कर’ सांगतं. पण ते खूप चढलं आणि साधारण दोन दिवस तसंच राहिलं, तर मेंदू उलटा वागतो: इस्ट्रोजेन जितकं जास्त, तितकं एलएच जास्त. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ गर्दीतला एकजण ‘हर्र बोला हर्र’ म्हणतो, दहाजण साथ देतात, त्यांचं ऐकून शंभर, आणि पाहता पाहता आवाज आभाळाला लागतो. एलएच असंच चढतं. त्या लाटेच्या सुरुवातीपासून 34 ते 36 तासांनी पुटिका फुटते आणि अंडं बाहेर येतं. गर्भनिरोधक गोळ्या, रोज घ्यायच्या त्या, मुख्यतः ही लाट उठू देत नाहीत. लाट नाही, अंडं नाही.

ताल बिघडला की काय होतं, त्याची दोन रूपं मी आजूबाजूला वारंवार पाहते. पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुली. आठ-दहा किलोमीटर पळायचं, खायचं मात्र एक भाकरी आणि शेंगाचटणी. काहींची पाळी तीन-तीन महिने येत नाही आणि त्या मनातून खूश होतात, कटकट गेली म्हणून. मेंदू शरीरातली शिल्लक तपासत असतो. खर्च जास्त, जमा कमी, तर जीएनआरएचचे ठोके मंदावतात, इस्ट्रोजेन उतरतं, आणि हाडं ज्या वयात भरायची त्याच वयात पोकळ राहतात. या मुलींना हार्मोनच्या गोळीआधी पोटभर जेवण हवं असतं, आणि तीन महिने पाळी आली नाही तर एक तपासणीही.

दुसरं रूप पीसीओडीचं, ज्याला डॉक्टर आता पीसीओएस म्हणतात. इथे ठोके जास्त वेगाने पडतात. एलएच वाढतं, एफएसएच त्या मानाने कमी पडतं, पुटिका अर्ध्यावर अडकतात. सोनोग्राफीत त्या मोत्यांच्या सरीसारख्या दिसतात आणि रिपोर्ट हातात पडला की घरात रडारड सुरू होते, पोरीला ‘गाठी’ झाल्या म्हणून. त्या गाठी नव्हेत, न पिकलेल्या पुटिका आहेत. शिवाय पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं निरोगी मुलीच्या अंडाशयातही अशा पुटिका भरपूर दिसतात, म्हणून त्या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. अनियमित पाळी, चेहऱ्यावर केस किंवा रक्तात वाढलेलं पुरुषी संप्रेरक, हे बघावं लागतं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या कपाळावर लग्नाआधीच ‘मूल होणार नाही’ असा शिक्का मारलेला मी पाहिला आहे. तो शास्त्राने मारलेला नव्हता. पीसीओएस असलेल्या कितीतरी बायकांना मूल होतं, काहींना अंडं सुटण्यासाठी थोडी औषधं लागतात, एवढंच.

वैनींच्या मुलीने इथे थांबवून विचारलं, "मुलांना पण असंच असतं का, का त्यांचं वेगळं?"

तीच ग्रंथी, तेच एफएसएच आणि एलएच, तेच ठोके. एलएच वृषणातल्या पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, एफएसएच शुक्राणूंची दाई असलेल्या पेशींना कामाला लावतं. टेस्टोस्टेरॉन आणि इनहिबिन मेंदूला ‘पुरे’ सांगतात. फक्त महिन्याची लाट नसते. शुक्राणू रोज कोट्यवधी बनतात, पण एक शुक्राणू पुरता तयार व्हायला सत्तर दिवसांच्या आसपास लागतात. मग वृषणामागे गुंडाळून ठेवलेल्या सुमारे सहा मीटर लांबीच्या एका बारीक नळीतून तो आठवडा-दोन आठवडे प्रवास करतो आणि तिथे पोहायला शिकतो. म्हणजे आजचा रिपोर्ट हा तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा रिपोर्ट असतो. डेंग्यूचा कडक ताप येऊन गेला की शुक्राणूंची संख्या काही आठवड्यांनी घसरलेली दिसते. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. वृषण शरीराबाहेर का, तर त्यांना दोन-तीन अंश थंडावा लागतो. आमच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, भट्टीसमोर किंवा तापलेल्या इंजिनावर दिवस काढणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

जिममध्ये दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांना बॉलकॉक कुणीतरी समजावून सांगायला हवा. बाहेरून टाकी भरली की मेंदूला वाटतं भरपूर आहे. तो एलएच आणि एफएसएच बंद करतो. पण शुक्राणू बनायला वृषणाच्या आत जितकं टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. दंड वाढतात, वृषणं आकसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात, कधी वर्षही.

मूल होत नसलेल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कारण असतं. तरी आपल्याकडे सून तीन वर्षं सोनोग्राफी, उपास आणि नवस करते, आणि मुलाची साधी वीर्यतपासणी कुणाच्या मनात येत नाही. ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरांनाही एक वाक्य: अंड्यात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं, वाय येतं ते फक्त शुक्राणूकडून. त्या वायवरचा एसआरवाय नावाचा जनुक, जो गर्भाला मुलगा बनवायला सुरुवात करतो, तो 1990 साली सापडला.

नसबंदीबद्दलची भीती अशीच अज्ञानातली आहे. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत, बाकीचं पाणी शुक्राशय आणि प्रोस्टेटचं. टेस्टोस्टेरॉन नळीतून जात नाही, थेट रक्तात जातं. नळी बांधल्याने ना ताकद कमी होते, ना इच्छा, ना दाढी. फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावं आणि वीर्य तपासून शुक्राणू नसल्याची खात्री करून घ्यावी. बाईचं ‘ऑपरेशन’ही तसंच: नळ्या बांधल्या तरी अंडाशयाचे निरोप रक्तातून जातच राहतात, म्हणून पाळी पूर्वीसारखी येते. दोन्हींत पुरुषाचं सोपं, टाक्यांवाचूनही होणारं. तरी टेबलावर झोपते ती बहुतेक वेळा बाई.

वैनी म्हणाल्या, "मग माझ्या सासूबाईंची पिशवी काढली, त्यांचं सगळंच गेलं का?"

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. पांढरं जातं, कंबर दुखते, मुलं झाली, आता काय कामाची, म्हणून काढून टाकलेल्या पिशव्या किती तरी. पिशवी काढली म्हणजे पाळी आणि गर्भ थांबले. पण इस्ट्रोजेन पिशवी बनवत नाही, अंडाशय बनवतात. ते जागेवर असतील तर निरोप चालू राहतात आणि पाळी जाण्याचं वय साधारण त्याच्या वेळेला येतं, कधी थोडं आधी. अंडाशयही काढले असतील तर दुसऱ्या दिवसापासून बाई रजोनिवृत्तीत जाते, वय चौतीस असो की अडतीस. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, आणि हाडांमधलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं, हृदयावरही ताण येतो. अशा तरुण बाईला नेहमीच्या रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोनचे उपचार देतात, काही मनाई नसेल तर. पण त्यासाठी काय काढलंय ते माहीत हवं.

वैनींनी आत जाऊन सासूबाईंची पत्र्याची ट्रंक उघडली. रेशनकार्ड, जमिनीचा उतारा, आणि खाली पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड, सव्वीस वर्षांपूर्वीचं. घरात कुणी ते वाचलं नव्हतं, इंग्रजीत होतं म्हणून. मी चष्मा लावला. टीएएच लिहिलेलं असतं ते गर्भाशयासाठी. त्याच्यापुढे बीएसओ असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशय. कार्डावर दोन्ही होतं. सासूबाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. गेल्या दिवाळीत अंगणात नुसत्या घसरल्या आणि मनगट मोडलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या शेंगा निवडत आमचं बोलणं ऐकत होत्या. "मला पिशवीच म्हणाले होते बाई," एवढंच म्हणाल्या.

वैनींनी उद्याच हाडांच्या तपासणीला न्यायचं ठरवलं. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्यांच्या पर्समध्ये ठेवलं, म्हणजे डॉक्टरांना दाखवायला विसरायला नको.